मंजुरीची कोरी जागा

स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की मला बाबांचं विल आठवतं. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस, विल लिहायला बसला आणि अर्ज लिहून उठला, तोही माझ्या, थोरल्या मुलीच्या नावे! विषय: काटोलच्या संत्राबागेत धाकट्या मुलीस समान हिस्सा मिळणेबाबत. धाकटी, म्हणजे माझी बहीण. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून सात वर्षं घरात तिचं नाव निघत नव्हतं. मी गोंधळले. "बाबा, बाग तुमची. मग मले विनंती काहून करून राहिले?" बाबा खाली बघत म्हणाले, "इतकी वर्षं तिले दारात येऊ नाही दिलं वं. आता हुकूम कोणत्या तोंडानं देऊ?" मी इंग्रजीची शिक्षिका, शब्दकोश उघडला. ज्या 'विल'नं मी मुलांना भविष्यकाळ शिकवते, त्याचा मूळ अर्थ नुसती इच्छा, मृत्युपत्र नंतरचं. मग बाबा चुकले की बरोबर होते? ते गेल्यावर बहिणीला हिस्सा दिला. पण अर्जाच्या तळाशी 'मंजूर' लिहायला त्यांनी सोडलेली जागा अजून कोरीच आहे. त्या सात वर्षांत मीही तिला एक फोन केला नव्हता, हे बाबांना ठाऊक होतं का?