पलीकडच्या माणसालाही ऐकू आलं

लिहू की नको करता करता आज लिहितेच आहे. मी धुळ्यात एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने मीच हसायचे...

गेल्या वर्षी मार्चमधला रविवार, दुपारचे तीन. देवपूरच्या आमच्या घरात मी आणि आई, दोघीच. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तिची वाचा गेलेली. 'अं... अं' यापलीकडे आवाज नाही. ती आतल्या खोलीत झोपलेली. मी बाहेर पेपर तपासत होते.

फोन आला. "मॅडम, आपके कार्ड से शॉपिंग हो रही है. आपने की है?"

मी नाही म्हटलं. त्याने माझं नाव, कार्डाचा नंबर, एक्स्पायरी — सगळं अचूक सांगितलं. "कॅन्सल करना है तो ओटीपी बोलिए, जल्दी!" आणि बँकेचा मेसेज खरंच आला! खरेदी तोच करत होता आणि ओटीपी त्याच खरेदीचा होता, हे आता कळतं. तेव्हा मात्र घाम फुटला होता. आईच्या उपचारांचे सगळे पैसे त्याच खात्यात!

"चार... सात... शून्य..." मी वाचायला लागले.

"सांगू नको माय! चोर शे तो!"

आतून. आईचा आवाज, तिच्या अहिराणीत. खणखणीत — मी लहान असताना गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा तसा.

भास झाला म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम... पीछे कौन बोला?"

फोन कट करून आत धावले. आई माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, तू बोललीस?"

"अं..."

ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती पुसता पुसता मला रडू फुटलं. मग कार्ड ब्लॉक केलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या मॅडमनी विचारलं, "ऐनवेळी शंका कशी आली?" मी म्हटलं, "घरातल्या मोठ्यांनी सावध केलं." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

आईच्या डॉक्टरांनाही हे सांगितलं. ते म्हणाले, "अशा पेशंटच्या तोंडून एखादा शब्द कधीतरी निघतो."

"पण फोन माझ्या कानाला होता, स्पीकर बंद. तो चोर आहे हे तिला कसं कळलं?"

त्यांनी आईची फाइल पुन्हा पहिल्यापासून चाळली. आई त्या दुपारनंतर एक शब्द बोललेली नाही. तरी मी रोज विचारते.