घड्याळबाईच्या कोऱ्या बश्या

माझी आत्या प्रयोगशाळेत जंतू मारायची. पदवीवाल्यांवर जाडजूड पुस्तकं निघतात. तिच्यावर कुणी ओळ खरडणार नाही, म्हणून मीच लिहितो.

न्यूमोनियाच्या जंतूंच्या तिथे दोन जाती होत्या. गुळगुळीत जात उंदराला दोन दिवसांत संपवायची, खरखरीत जात काही करायची नाही. गुळगुळीत जंतूंच्या नळ्या साठ अंशांच्या पाण्यात तीन तास धरून त्यांना मारायचं, हे आत्याचं काम. तेवढा वेळ ती घड्याळासमोरून हलायची नाही, म्हणून सगळे तिला घड्याळबाई म्हणत. शिवाय प्रत्येक नळीतला एक थेंब ती काचेच्या बशीत जंतूंच्या खाद्यावर टाकून ठेवायची. काही उगवलं नाही, म्हणजे मेले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी तिने मारलेले गुळगुळीत आणि जिवंत खरखरीत जंतू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर पटापट मेले. रक्तात बघतात तर जिवंत गुळगुळीत जंतू!

"बाई, तुमचा डोळा लागला होता."

"माझ्या बश्या बघा आधी. कोऱ्या आहेत."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"छे! शिकायचं वय गेलं तुमचं."

अठरा वर्षांची नोकरी गेली. कागदावर शेरा पडला, 'कामचुकार'. ती जिथे काम मागायला जाई, तिथे तो शेरा आधीच पोचलेला. शेवटी ती लोकांच्या चादरी धुऊ लागली.

नव्या बाईने जंतू मारले, तरी उंदीर मेलेच. मग डॉक्टर स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. तरी मेले. तेव्हा कुठे त्यांनी आत्याचं कपाट उघडलं. आतल्या तिच्या बश्या अजून कोऱ्याच होत्या. मेलेल्या जंतूंतलं काहीतरी जिवंत जंतूंत शिरत होतं आणि त्यांची जात बदलत होतं. पिलावळसुद्धा गुळगुळीत निपजत होती. ते काहीतरी म्हणजे पिढ्यांचा वारसा नेणारं द्रव्य, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

डॉक्टर आमच्या घरी आले. माफी मागायला नव्हे.

"बश्या किती दिवस ठेवत होता?"

"चार. आणि माझा शेरा?"

"तो दप्तरी लागला. आता बदलता येत नाही."

"वा रे वा! मेलेला जंतू जित्याची जात बदलतो आणि तुमच्याच्याने एक शब्द बदलत नाही?"

डॉक्टरांनी वहीत 'चार दिवस' लिहिलं आणि छत्री उचलली.

त्यांच्या शोधनिबंधात छापलंय, 'बश्या चार दिवस कोऱ्या राहिल्या.' कुणाच्या, ते नाही. आत्या शेवटपर्यंत लोकांच्या चादरी धूत राहिली.