धाकट्या पातीचं पाणी

माझ्यासारख्याने काही लिहावं, एवढी माझी योग्यता नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सगळ्यांची पत्रं मी लिहितो आणि आलेली वाचून दाखवतो. तेवढ्या सरावावर हे धाडस करतो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

गेल्या वर्षी माझ्या तोंडावर मुरुमं आली, आणि त्याच सुमारास धारचं एक स्थळ आलं. महिन्याने मुलगी पाहायला जायचं होतं. फोटो मी पाहिला होता. तिथेच जमावं, असं मला फार वाटत होतं.

वर्गातला मित्र म्हणाला, "भिया, पानी पियो. सकाळी उठून दोन तांबे. खून साफ, चेहरा साफ."

आई म्हणाली, "मग थोरल्या पातीकडच्या विहिरीचं आण. गोडं आहे. आपलं जड."

आमच्या देवासला राजे दोन, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. वडील धाकट्या पातीच्या पागेत घोड्यांची निगा राखायचे. दोन्ही राज्यं विलीन होऊन, पागा रिकामी होऊन काही वर्षं झाली होती.

"त्यांचं पाणी या घरात येणार नाही," वडील म्हणाले. "आपल्या पाण्याला काय झालंय? घोड्यांची कातडी कशी चमकायची!"

"घोड्यांना रोज खरारा व्हायचा," आई म्हणाली.

मी विचार केला, आपलं पाणी गुणाने निम्मं असेल तर दुप्पट प्यावं. रोज चार तांबे पिऊ लागलो. महिन्याने मुरुमं होती तेवढीच होती.

धारला निघताना वडिलांनी वर आणखी फिरकीचा तांब्या भरून घेतला. मुलीच्या दारात म्हणाले, "संपव. भरला तांब्या घेऊन लोकांकडे जाऊ नये." मी संपवला.

बैठकीतून मला चार वेळा उठावं लागलं. परसात जायची वाट स्वयंपाकघरातून होती, आणि तिथे मुलगी पोह्यांच्या बशा भरत होती. पहिल्या वेळी तिने मान खाली घातली. दुसऱ्या वेळी बाजूला सरकली. तिसऱ्या वेळी पदर तोंडाला लावला. चौथ्या वेळी मागचं दार तिने आधीच उघडून ठेवलं होतं.

तिच्या वडिलांनी विचारलं, "रोज असंच होतं का?"

"हो. महिनाभर. रात्रीही उठतो." मला खोटं बोलता येत नाही.

"पाणी आमच्याकडचंच आहे," माझे वडील अभिमानाने म्हणाले.

दोन महिने काहीच कळलं नाही. मग मध्यस्थी करणाऱ्या आत्याचं धारहून पत्र आलं. नेहमीप्रमाणे मीच ते आईवडिलांना वाचून दाखवलं. मुलाला साखरेचा विकार असावा, असं मुलीच्या वडिलांचं मत पडलं होतं. मुलाचा चेहरा चांगला आहे, असं मुलगी वहिनीजवळ म्हणाली होती. मागच्या सोमवारी तिचं लग्न झालं. बदनावरला दिली.