लुईमावशी कचरा टाकायला निघतात

लुईमावशींनी चाळीस वर्षं लोकांची डोकी धुतली. ही थट्टा नाही, ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत त्यांचं केस धुण्याचं दुकानच होतं. गिऱ्हाइकाला खुर्चीत ताठ बसवायचं, डोक्यावर फेसाचा डोंगर उभा करायचा आणि मानेवर एक थेंबही ओघळू द्यायचा नाही, ही त्यांची कला. फेस चढला की माणूस आपोआप बोलायला लागतो, असं त्या सांगतात. एका खुर्चीत सासू आणि शेजारच्या खुर्चीत सून बसवून, दोघींच्या एकमेकींविषयीच्या तक्रारी एकाच वेळी ऐकून घेण्याचा पराक्रम त्यांच्या नावावर आहे. पुढे गुडघे कुरकुरू लागले, दुकान बंद झालं. कान मात्र चालूच राहिले.

ते कान मग संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी लागू लागले. गाडीवर वाजणाऱ्या पियानोचा सूर कोपऱ्यावर ऐकू आला की आमची गल्ली आहे त्या कपड्यांत बाहेर पडते. कुणी रात्रीच्या पायजम्यात, कुणी केसांना कर्लर गुंडाळून. एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात उष्ट्याची बादली, कारण उष्टं डुकरांना जातं आणि त्याचा पिंप वेगळा असतो. गाडी यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि गेल्यावर थोडा वेळ गल्ली बोलून घेते. म्हणून आमच्याकडे ‘जरा कचरा टाकून येते’ याचे दोन अर्थ होतात. पिशवी रिकामी करणं हा त्यातला छोटा अर्थ.

हा मोठा अर्थ वार्तिनीला सगळ्यात लवकर कळला. ही जावा बेटावरून कामाला आलेली मुलगी, गल्लीप्रमुख हिओंगच्या घरी त्याच्या आईचं, किमताईंचं, सगळं करायला राहिलेली. किमताईंना अंघोळ घालायची, भरवायचं, चाकाच्या खुर्चीत बसवायचं, आणि ‘आता उभीच आहेस तर’ असं म्हणून निघालेली बाकीची सगळी कामं. सुट्टी हा शब्द तिच्या करारात होता, पण घरात कुणाला तो सापडला नव्हता. दिवसातून एकदाच तिला उंबऱ्याबाहेर एकटीनं पडता येई, ते हातात कचऱ्याची पिशवी घेऊन. पलीकडच्या गल्लीत कामाला असलेल्या तिच्याच मुलखातल्या दोघीजणी तेवढ्यासाठी आपला कचरा घेऊन इकडे येत. मग तिघी त्यांच्या भाषेत अशा काही सुटत, की लुईमावशी बादली घेऊन नुसत्या जवळ उभ्या राहत. शब्द एक कळायचा नाही. पण फेस चढलाय एवढं त्यांना लांबूनही कळायचं.

असं चाललेलं असताना हिओंगनं गल्लीच्या तोंडाशी शहाणी कचरापेटी आणली. कपाटाएवढी, चकचकीत. समोर उभं राहिलं की ती चेहरा ओळखते, झाकण उघडते, कचरा तोलते आणि आभार मानते. महिनाभर लोकांनी तिच्यापुढे चेहरे करून पाहिले. मग देवळाच्या अंगणात सभा भरली. गल्लीनं हो म्हटलं की गाडीचा थांबा बंद.

इथं एक गैरसमज दूर केलेला बरा. लुईमावशींना यंत्रांचं वावडं नाही. भात विजेच्या पातेल्यात सोडून त्या खुशाल झोपतात, आणि तैपेईच्या नातीला फोनवर दात घासायला लावतात. पेटीच्या कंपनीतून आलेल्या पोरसवदा साहेबाला हे माहीत नव्हतं.

“आजी, तंत्रज्ञानाला घाबरायचं नाही,” तो प्रेमानं म्हणाला.

“बाळा, केस कुरळे करायच्या यंत्राखाली मी अर्धी गल्ली भाजून काढलीय. घाबरायचं काम गिऱ्हाइकाचं.”

अंगण हसलं. हिओंग पुढे सरसावला. “मावशी, जरा सरळ विचार करा. कधीही या, कचरा टाका. गाडीसाठी डास मारत उभं राहायला नको. रोजची पंधरा मिनिटं वाचली!”

“वाचली, बरोबर. आणि ठेवलीस कुठे?”

“म्हणजे?”

“अरे, वाचलेली वस्तू कुठेतरी जातेच ना. वाचलेला भात डुकरांना जातो. वार्तिनीची पंधरा मिनिटं वाचली, ती कुणाच्या ताटात?”

हिओंगची बायको मनानं सरळ. ती चटकन म्हणाली, “जिना पुसायचा रोज राहूनच जातो हो.”

हिओंगनं चहाच्या पेल्यात तोंड घातलं.

“ऐकलंत ना?” मावशी म्हणाल्या. “पेटी चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण वेळ वाचतो एकीचा आणि खिशात घालतो दुसराच. आपल्याकडे घराघरात अशी एक पोरगी आहे. पोटच्या पोरांनी करायचं ते ती करते, आणि बदल्यात आपण तिला काय देतो? कचरा टाकायला पाठवतो. तेही काढून घ्यायचं म्हणता?”

भाषण चांगलं झालं. टाळ्याही पडल्या. मग हात वर करायची वेळ आली आणि टाळ्या वाजवणारे तेच हात पेटीच्या बाजूनं वर गेले, कारण डास खरे होते आणि पावसात छत्री, पिशवी, बादली सांभाळणं कुणालाच आवडत नव्हतं. किमताई खुर्चीत पेंगत होत्या. वार्तिनीचे दोन्ही हात त्या खुर्चीच्या दांड्यावर होते, आणि ते वर असते तरी या सभेत मोजले गेले नसते.

“मावशी, विरोधात तुम्ही एकट्याच हं,” हिओंग जरा सांत्वनाच्या सुरात म्हणाला.

“एकटी कुठली? तुला मोजता येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून गाडी मोठ्या रस्त्यापलीकडे, चपलांच्या दुकानापाशी थांबू लागली. संध्याकाळी सूर आला तो पुसटच. लुईमावशींनी पिशवी उचलली, बादली उचलली, पेटीसमोरून तिला चेहरा न दाखवता गेल्या आणि हिओंगच्या दारात उभ्या राहून ओरडल्या, “किमताई! कचऱ्याची गाडी आली!”

हिओंग बाहेर आला. “मावशी, गाडी आता इकडे येत नाही. काल ठरलंय.”

“तुझ्याशी कोण बोलतंय? किमताई, येता का कचरा टाकायला?”

आतून खणखणीत आवाज आला. “येते की! फार साठलाय.”

“आई, बादली सकाळीच रिकामी केलीय.”

“तो नव्हे रे.” किमताईंनी स्वयंपाकघराच्या दिशेनं नुसती हनुवटी हलवली. आत सुनेच्या हातातलं झाकण जोरात वाजलं.

“अगं पण पेटी आहे ना! रात्रंदिवस उघडी असते.”

“असते ना? मग तुझ्या बायकोनं सूपमध्ये मीठ घातलं नव्हतं ते जाऊन तिला सांग. बघ, ‘अगं बाई, खरंच?’ म्हणते का.”

हिओंगला पेटीची सगळी माहिती पाठ होती, पण ही सोय तिच्यात असल्याचं आठवेना.

“वार्तिनी, खुर्ची काढ,” किमताई म्हणाल्या. वार्तिनीनं मालकिणीकडे पाहिलं. मालकीण दारात आली होती, पुसायचं फडकं हातात घेऊन. “जिना...” तिनं सुरुवात केली.

“जिन्याला पाय आहेत का पळून जायला?” लुईमावशींनी ते फडकं तिच्या हातातून अलगद घेतलं आणि हिओंगच्या खांद्यावर टाकलं. “आईला फिरवून आणणं हे वार्तिनीचं कामच आहे, तूच करारात लिहिलंयस. जिन्याचं काही लिहिल्याचं कुणी ऐकलं नाही.”

मोठा रस्ता ओलांडायला वेळ लागला. मावशींचे गुडघे आणि खुर्चीचं डावं चाक, दोन्ही कुरकुरत होती. वाहनं खोळंबली, भोंगे वाजले. किमताई मांडीवर पिशवी घेऊन, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेची जन्मकुंडली मांडत होत्या. चपलांच्या दुकानापाशी पलीकडच्या गल्लीतल्या त्या दोघीजणी उभ्याच होत्या. वार्तिनी येणार नाही असं धरून त्यांनी तोंडं पाडली होती. तिला पाहताच त्या किंचाळल्या, आणि तिघींचं सुरू झालं. कुणीतरी फोनवर गावाकडचं बाळ दाखवलं. वार्तिनी हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा बोलू लागली.

गाडी आली. पिशव्या पडल्या, बादल्या ओतल्या. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. “चला आजी, झालं का सगळ्यांचं? पुढे तीन थांबे आहेत.”

“थांब. पोरीचं अजून संपलं नाही.”

“पिशवी तर मघाशीच टाकली तिनं!”

लुईमावशी गाडीच्या पुढे गेल्या. रिकामी बादली त्यांनी रस्त्याच्या मधोमध उपडी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या.

“आजी, गाडी अडवायला बंदी आहे! दंड होईल!”

“कर,” मावशी म्हणाल्या. “पण आधी ते गाणं बंद कर. पोरींना एकमेकींचं ऐकू येत नाहीये.”