गच्चीवर चढायचा हक्क

गेल्या रविवारी पारोळ्यात माझी चांगलीच जिरली... आणि खरं सांगू, मजा आली!

सुट्टी म्हणून धुळ्याहून मोठ्या काकूकडे गेलो होतो. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. वय सत्तरीच्या पुढे, पण उन्हाळा लागला की ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे वाळवणाचे पापड, झाल्याच पाहिजेत. त्या दिवशी अख्ख्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून बिबड्या घातलेल्या... पाय ठेवायला जागा नाही.

तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटेपासून चुलीवर रटरटणारा घाटा... तिन्ही लेकींना वर्षभर पुरतील एवढ्या बिबड्या होत्या त्या. गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा माझ्या हातच्या या शेवटच्या, असं अक्काने आधीच सांगून टाकलं होतं.

दहाच्या सुमारास दारात वीज कंपनीची वायरमन. वायरमन म्हणजे बाई बरं का! तिशीची असेल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर दोर, सोबत एक सहकारी.

शेजारच्यांची वायर अक्काच्या गच्चीवरून जाते. तिचं कव्हर जळून ती लोखंडी कठड्याला टेकत होती. ताईंनी आधीच खांबावरून गल्लीची लाइट बंद केली होती, आता वर जाऊन वायर बदलायची होती.

अक्का जिन्यातच बसली. मागे एकदा केबलवाल्याने बुटांसकट बिबड्या तुडवल्या होत्या, ते ती अजून विसरलेली नाही. संध्याकाळी या म्हणाली. इकडे पंखे बंद, गल्लीतली माणसं घाम पुसत ओट्यांवर आलेली...

मग मी पुढे झालो. मोबाइलवर कायद्याचे दोन व्हिडिओ पाहिलेला माणूस मी, गप्प बसतो होय? हे खाजगी घर आहे, लेखी नोटीस दिल्याशिवाय आत पाऊल टाकता येणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

ताई आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊ, वायरच्या कामासाठी दिवसाढवळ्या यायचा हक्क आहे आम्हाला. फक्त आधी घरात सांगायचं असतं, ते मी सांगितलं. अक्का नाहीच म्हणाल्या तर चोवीस तासांची लेखी नोटीस, आणि मग त्यांची लाइट तोडता येते... पण मला अक्कांची लाइट तोडायची नाहीये."



मग त्यांनी अक्काला विचारलं, वरच्या पायरीवरून नुसतं बघू का? बूट काढून वर गेल्या, पायरीवर बसल्या, हात लांब करून एका बिबडीची कड बोटाने उचलून पाहिली.

"अक्का, कडा सुटल्या. उलटायला आल्यात बघा."

अक्का ताडकन उठली. गुडघे कुठे गेले कोण जाणे! ताई एरंडोलकडच्या, घरी दरवर्षी बिबड्या होतात म्हणे. दोघी मांडी घालून बसल्या आणि एकेक बिबडी उलटून शेजारी सरकवत गेल्या. मलाही बसवलं. माझ्या दोन फाटल्या... ताईंची एकही नाही.

अर्ध्या तासात कठड्यापर्यंत हातभर रुंद वाट झाली. ताईंनी परत बूट चढवले, त्याच वाटेने गेल्या, वायर बदलली, त्याच वाटेने आल्या. थोड्या वेळात पंखे सुरू झाले.

नियम माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ होता, आणि तो दाखवून भांडण जिंकणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही... मला त्यांचं फार फार कौतुक वाटलं.

निघताना अक्काने माझ्या फाटलेल्या दोन ओल्या बिबड्या आणि मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले. म्हणाली, "आते तू कव्हयबी ये माय... सांगानी गरज नही."

घरात यायचा हक्क ताईंना कायद्याने होताच. त्यातली आधी सांगायची अट तेवढी अक्काने काढून टाकली.