सूर्यावरची निळी खूण

कशेळीच्या गोदामातून सुटून टेमघरला घरी पोचायला किती वेळ लागेल, हे रस्ता अडवून उभ्या ट्रकवाल्यांच्या मर्जीवर असायचं. गोदामाच्या ऑफिसात आल्या-गेल्या मालाच्या नोंदी मी कॉम्प्युटरवर करायचे. दिवसभर खोक्यांची नावं टाइप करून डोकं बधिर, नाकात धूळ, आणि घरी वीज असेल तर नशीब. असली, तर चहाच्या आधी मी आमचा जुना कॉम्प्युटर सुरू करायचे आणि सूर्य बघायचे.

हसू नका. अंतराळयानाने काढलेलं सूर्याचं ताजं चित्र तेव्हा इंटरनेटवर रोज यायचं, तेही फुकट. शेजारी सौर वाऱ्याचा वेग, ज्वाला उठल्या की नाही, पृथ्वीवर वादळ येणार की नाही, असं सगळं अंतराळातलं हवामान मांडलेलं असायचं. इथलं हवामान बघून करायचं काय, घामच पुसायचा. देशोदेशीचे माझ्यासारखे लोक ते चित्र बघून एका फोरमवर गप्पा मारायचे. मी वाचायचे, लिहायचे क्वचित. एवढी एक गोष्ट दिवसभरात माझी होती.

काही वर्षांपूर्वी सायबर कॅफेत बसून बघायचे, तेव्हा सूर्यावर काळ्या डागांची गर्दी असायची. पण दोन हजार आठच्या सुमाराला त्याने जणू संपच पुकारला. साधारण अकरा वर्षांनी त्याचे डाग असे आटतात हे वाचलं होतं. तरी इतकं? रोज तीच कोरी नारिंगी चकती. फोरमवरचे लोकही कंटाळले. याचं माझ्यासारखंच झालंय, मी म्हणायचे. ड्युटीवर येतो, बाकी काही करत नाही.

बाबा निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात कापड तपासायचे. लूमवरून उतरलेला ताका तिरक्या टेबलावरून खिडकीच्या उजेडात ओढत न्यायचा आणि तेलाचा डाग किंवा सुताची तुटलेली तार दिसली की निळ्या खडूने खूण करायची. उभी हयात हेच केलं. त्यांच्या नजरेतून डाग सुटत नाही अशी ख्याती होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. त्या वर्षी मात्र कारखान्यात त्यांची भांडणं वाढली. त्यांनी खूण केलेलं कापड लूम चालवणारे कारीगर त्यांच्यासमोर पसरायचे. "चाचा, दाग किधर है? अच्छा माल क्यों बिगाड़ते हो?" घरी येऊन बाबा ट्यूबलाइटला शिव्या द्यायचे, मग लोडशेडिंगला. चाचांना आता घरी बसवावं, असं मालक बोलून गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. आई गेल्यापासून आमच्या घरात दिवसा कोणीच नसायचं, आणि त्या रिकाम्या घरात बसायची त्यांना धास्ती होती.

एका संध्याकाळी मी वैतागून मोठ्यानेच म्हणाले, "आजपण साफ."

"काय साफ?" म्हणत बाबांनी खुर्ची ओढली. मी सूर्याचं सांगितलं. त्यांना काही पटलं नाही.

"अख्खा साफ? असा ताकाच नसतो गो कंदी." ते स्क्रीनवर वाकले. "यो काय, मधोमध हाय की!" आणि सवयीने खिशातला खडू काढून त्यांनी काचेवर निळी रेघ ओढली.

मी ओढणीने रेघ पुसली. खाली काही नव्हतं. म्हातारा माझी फिरकी घेतोय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्याही दिवशी. काचेवर नेहमी मधोमध खूण, आणि वर मलाच दटावणी, "तुजं ध्यान न्हाय." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसत होतो, म्हणून मीही चालू दिलं.

मग एकदा नेट असं रांगायला लागलं की नवं चित्र उघडेना. मी साठवून ठेवलेलं जुनं चित्र लावलं. त्यात उजव्या कडेला डागांचा हा एवढा मोठा पुंजका होता. बाबांचा खडू गेला तो मधोमधच.

"बाबा, कडेला बघा ना. केवढा मोठा आहे."

"कुठं?" त्यांनी मान वळवून त्या कडेवर नजर रोखली. "न्हाय तिथं काय."

मी पुंजक्याशेजारी बोट टेकवलं. ते बघत राहिले. मग खडू हातात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरळ बगितलं का पुसून जातं. बाजूला बगितलं का वाईच दिसतं."

फोरमवर तारे बघायला शिकणाऱ्यांना एक गोष्ट हटकून सांगतात: अंधुक तारा बघायचा तर थेट त्याच्याकडे बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. बाबा ते कापडाच्या टेबलावर आपले आपणच शिकले होते, कोणाला न सांगता. कित्येक महिने ते माझ्याशी बोलताना माझ्या कानापलीकडे बघायचे. मी लग्न केलं नाही म्हणून ते नाराज आहेत, असं मी धरून चालले होते. ते बिचारे मला बघायला धडपडत होते.

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, म्हणून बघतील तिथे मधोमध डाग दिसतो; तो भाग परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. बाबांनी एकच विचारलं, "मंग कामावर जाऊ ना?" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी कागद गोळा करून उठले. घरी आल्यावर मात्र समजावलं, ओरडलेही. ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले. मग मीही थकले. रोज संध्याकाळी त्यांची चप्पल दारात वाजली की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आज हाकलून दिलं की काय.

असे बरेच दिवस गेले. सूर्य तसाच कोरा होता. मग एक दिवस चित्र उघडलं आणि डाव्या बाजूला, जरा वर, एक ठिपका दिसला. लहानसाच, पण खरा. फोरमवर लोक लग्नघर असल्यासारखे नाचत होते.

"बाबा, डाग आला."

ते येऊन बसले. या वेळी स्क्रीनवर वाकले नाहीत. मान खिडकीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. मी चहा आणून ठेवला, तो निवला.

"हाय," ते म्हणाले. "डावीकडं. बारीक हाय, पन हाय."

त्यांनी खिशातून खडू काढला. मला वाटलं, आता काचेवर रेघ मारतील. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

"खूण तू कर. माजा हात आता तिथं जात न्हाय."

मी ठिपक्याभोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी मी गोदामात जायला निघाले, तेव्हा बाबा अंथरुणातच होते, जागे, माझ्या कानापलीकडे बघत. ओट्यावर त्यांचा डबा पालथा घातलेला होता.