फ्लॅश शेवटच्या डब्यातून आला

"आत फोटो काढा, पण फ्लॅश लावू नका." हे वाक्य मी दिवसभर म्हणते. मालवणजवळ किनाऱ्याच्या वाटेवर पत्र्याची एक लांब शेड आहे. बाहेरून सिमेंटचे खडक चिकटवलेत आणि वर लिहिलंय, भुताची गुहा. आत रुळावर तीन डब्यांची छोटी गाडी फिरते. अंधार, ओल्या गोणपाटाचे पडदे, प्लास्टिकचे सांगाडे, आणि वळणावर एक जितं माणूस भूत होऊन उभं असतं. मी दारात माणसं बसवते, दांडी लावते आणि माझं वाक्य म्हणते.

लोक हसतात. "एकच काढतो हो ताई." "का, भुताचे डोळे आलेत का?" मीही हसते आणि समजावते. फ्लॅश पडला की मागे बसलेल्यांची गंमत जाते. त्यांना भूत दिसत नाही, पत्रा आणि वायर दिसते. आणि आतल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. एकदा उजेड पडला की पुढे कितीतरी वेळ त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. चालत्या गाडीपाशी उभं असलेलं माणूस आहे ते.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. म्हणून तर त्या दुपारचं सांगायला जीभ उचलत नाही.

माझं गाव परभणीकडचं. शाळा सातवीत सुटली. नवरा इकडे चिऱ्याच्या खाणीवर कामाला आला, त्याच्या मागं मी आले. लेक आठ वर्षांची, तिची शाळा बुडू नये म्हणून तिला माझ्या आईकडे ठेवली. इथली बोली कळेना, मासळीच्या वासानं मळमळायचं. गुहेच्या मालकीणबाईंनी, मी त्यांना वहिनी म्हणते, एक कागद न मागता मला दारात उभं केलं. "किती शिकलंस?" एवढंच विचारलं. मी सातवी म्हणल्यावर म्हणाल्या, "भुतांक तेवढा पुरे." त्या दिवसापासून मला रोज वाटायचं, कधीतरी यांना कळणार की मी कामाची नाही, आणि घरी पाठवतील. कोणी जोरात हाक मारली तरी वाटायचं, झालं, आजच.

भूत म्हणजे काका. साठीच्या पुढचे. तरुणपणी जत्रांतून दशावतारात राक्षसाचं सोंग घ्यायचे. गावोगाव पेट्रोमॅक्सच्या उजेडात ओरडले, आता अंधारात ओरडतात. मला त्यांनीच आतलं गणित दाखवलं. "गाडी दिसत नाय गो. ऐकाची. रुळाच्या सांध्यार चाक खटखटता. तीन खटके झाले की पायरीवरसून फुडे, चवथ्याक मागे. एक पाऊल चुकला तर भूत गाडयेखाली." असं म्हणून हसायचे. कुणाच्या अंगाला हात लावायचे नाहीत. तोंडाजवळ येऊन नुसता श्वास सोडायचे, आणि धट्टीकट्टी माणसं किंचाळायची.

सकाळी गुहा उघडताना काका दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. इकडची रीत आहे. एकानं देवाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाडी रुळावर राहू दे, व्हय म्हाराजा. लहान पोर घाबरून आजारी पडू नये, व्हय म्हाराजा. सुरुवातीला मला हसू यायचं. मग सवय लागली. दिवसात तेवढी एक वेळ मी भीती न वाटता मोठ्यानं बोलायचे.

लेकीला मी फोनवर सांगितलं होतं की तुझी आई भुतासोबत काम करते. ती वर्गात सांगून आली आणि पोरींनी तिला खोटारडी ठरवलं. रोज तेच, "आई, भुताचा फोटो पाठव ना." काकांना सांगितलं असतं तर ते दारात, उन्हात, शिंगं लावून उभे राहिले असते. पण लेक म्हणायची, गुहेतलाच पाहिजे, अंधारातला. मी एकदा फ्लॅशशिवाय काढून पाहिला. काळा चौकोन आला.

गर्दी असली की शेवटच्या डब्यात आमच्यापैकी एकानं बसायचं असतं, म्हणजे मध्येच कुणी उठत नाही. त्या दुपारी मी बसले. पुढच्या डब्यात कॉलेजची दोन मुलं होती, मधल्यात एक कुटुंब. त्या सगळ्यांना मीच म्हणाले होते, फ्लॅश लावू नका. आणि वळणावर, तिसऱ्या खटक्याला, मी माझ्या फोनचा फ्लॅश लावून फोटो काढला. चुकून नाही. लावून काढला. एकदाच, म्हणून.

पांढराशुभ्र उजेड झाला. काकांनी डोळ्यांवर हात नेला. चौथा खटका वाजला आणि ते मागे जाण्याऐवजी कडेला गेले. पायरी तिथं नव्हती. ते हातावर पडल्याचा आवाज गाडीच्या आवाजातही ऐकू आला.

बाहेर आणलं तेव्हा मनगट भलतीकडंच वळलं होतं. वहिनी धावत आल्या आणि थेट त्या दोन मुलांवर गेल्या. "कोणी मारलो फ्लॅश? सांगलेला ना तुमका?"

"काकू, आम्ही नाही काढला. फोन बघा."

"पुसून टाकल्यात असतले! म्हाताऱ्या माणसाक पाडून वर तोंड करतंत!"

एक मुलगा दुसऱ्याकडे बघायला लागला. "तू काढलास का रे?"

"वेडा आहेस का? मी कशाला काढू?"

मग आधी विचारणारा मुलगाच काकांच्या पायाशी वाकला. "आजोबा, आमच्याकडून झालं असेल तर माफ करा." वहिनींनी त्याचा नंबर वहीत लिहून घेतला, हाताचं काही वाढलं तर बोलावीन म्हणाल्या. मी दोन पावलांवर उभी होते. फोन माझ्या कमरेला खोचलेला होता आणि गरम लागत होता. मी काकांना पाणी दिलं. तेवढंच केलं मी. पाणी दिलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला आणि मी तो फोटो तिला पाठवला. माझा फोन जुना, उजेडानंतर अंमळ थांबून फोटो निघतो; त्यात काका तिरके झालेले होते. आता मलाच खरं वाटत नाही, पण पाठवला. थोड्या वेळानं तिनं परत फोन केला. आवाज बारीक होता. "आई, हे आजोबा पडतायत का?"

मी म्हणलं, नाही गं, ते भुताचं सोंग आहे. पोरीला वर्गात खोटारडी म्हणत होते. आता तिची आई तिच्याशी खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी काका हाताला प्लास्टर घालून आले. गुहा बंद राहणार होती, तरी नारळ ठेवला. एकाच हातानं नमस्कार करत म्हणाले, "बा देवा म्हाराजा, काल तुझ्या लेकराक लागला, पण जीव वाचलो."

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाल्या, गाडीची कळ दाबणारा गाडीवाला म्हणाला.

"जेच्या हातातसून उजवाड पडलो, तेका शाणपण दी. तेच्या घरातलो उजवाड मात्र कमी करू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझं तोंड उघडलंच नाही. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य म्हणायला लागले.

सगळे पांगल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. रडत नव्हते, रडले असते तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती. मी म्हणलं, "काका, फ्लॅश माझा होता."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "उजवाड शेवटच्या डब्यातसून इलो. ते पोर तवसर वळणापलीकडे गेलेले."

"मग काल बोलला का नाहीत?"

"काल हात दुखत होतो गो बाय. आणि तू बोलतलंस की काय, ता बघी होतंय." मग प्लास्टर मांडीवर ठेवून म्हणाले, "माका सांगून काय उपेग? माझो हात बरो व्हतलो. तो कालचो झील वाकून माझ्या पायाक लागलो, तेचा काय?"

फोनवर बोलायचं तर वही पाहिजे, आणि वही वहिनींच्या टेबलावर. म्हणजे आधी त्यांना सांगणं आलं. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी ऐकलं, वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "लाव. माझ्यासमोर लाव."

मुलानं फोन उचलला. मी कोण ते सांगितलं, मग ते सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काकू," तो म्हणाला, "मी माझ्या मित्रालाच खोटारडा म्हणालो. रात्रीच्या गाडीनं एकटाच निघून आलो. तो अजून तिथंच आहे, माझा फोन घेत नाही."

मी मित्राचा नंबर मागितला आणि त्यालाही फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि ठेवून दिला. त्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. कुणाला विचारायचा माझा अधिकारही नाही.

मी पिशवी घ्यायला वळले. वहिनी म्हणाल्या, "खंय चललंस?"

"घरी."

"आणि भूत कोण होतला? सुट्टयेचे दिवस आसत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "शिक्षण नाय ता चालला माका. ह्या नाय चालत. फोन कामावर इल्यार हयसर ठेवचो."

काका मागून म्हणाले, "हिकाच उभी करा. खटके शिकवलंय मी."

प्लास्टर निघेपर्यंत मी भूत झाले. शिंगं मला मोठी होती, कपाळावर फडकं बांधून बसवली. काका दारात माझ्या जागी खुर्ची टाकून बसायचे आणि माझं वाक्य त्यांच्या पद्धतीनं म्हणायचे, "फ्लॅश मारू नकात हां, आत बाईमाणूस आसा!" लोक हसायचे आणि बरेचजण ऐकायचे. माझं इतकं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

तरी चौथ्या की पाचव्या दिवशी एकानं मारलाच. तिसरा खटका झाला, मी पुढं झाले आणि सगळं पांढरं झालं. पांढऱ्यानंतर काळं, पण आधीचं काळं नाही. त्यात हिरवे डाग पोहत होते. माझे हात कुठं आहेत ते कळेना. मागे कुठल्या बाजूला, तेही कळेना. पुढून हसण्याचा आवाज आला, "अरे, भुताच्या पायात स्लीपर आहे!"

चौथा खटका कधी झाला मला कळलं नाही. मी हललेच नाही. पदर आवळून, जिथं होते तिथं उभी राहिले. गाडी माझ्या गुडघ्याला वारा लावून गेली. काका याच जागेवरून पडले होते, आणि तेव्हा त्या डब्यात मी फोनकडे बघत होते, फोटो आला का ते.

संध्याकाळी लेकीला फोन लावला. म्हणलं, "त्या फोटोतले आजोबा पडत होते. माझ्यामुळं. हात मोडला त्यांचा."

ती म्हणाली, "मला माहीत होतं. त्यांचा हात कसाय आता?"